आमच्या पेठेचे शून्य उत्सर्जन

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर, श्रावण वद्य एकादशी

तीर्थस्वरूप मल्लिकार्जुन दाजी यांच्या चरणी त्यांचा एकुलता एक मेव्हणा सोमशेखर याचा लांबूनच, पण पुरता वाकून, शरणार्थ. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याला त्या नव्या तेलाने उतार पडला का? अक्काची साखर कशी आहे? (तिला विचारू नका, ती कमी सांगते. डब्यातला गूळ किती उरला ते बघा.) हिरण्यकेशीचे पाणी पुलाला लागले होते असे ऐकले. ते आता ओसरले असेल आणि उसालाही काही झाले नसेल अशी आशा आहे. आमची पंचगंगाही नेहमीप्रमाणे पात्राबाहेर आली आणि कोण कोण घरी आहे ते बघून परत गेली. फोनच्या जमान्यात पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही "हं, बोल" म्हणता आणि मी बोलायला लागलो की "बरं, ठेव" म्हणता. लिहिलेले मात्र शेवटपर्यंत वाचता, मग ते खताच्या पोत्यावरचे का असेना. म्हणून हे पत्र.

दाजी, आधी दुःखाचे सांगून टाकतो, म्हणजे पुढचे निवांत सांगता येईल. यंदा आमच्या तालमीच्या गणपतीच्या मिरवणुकीत मला जागा नाही. नोकरी लागून कोल्हापुरात आलो तेव्हापासून ट्रॉलीच्या उजव्या चाकाशी लाकडी ठोकळा घेऊन चालायचा मान माझा होता. चढावर ट्रॉली मागे यायला लागली की चाकाखाली ठोकळा सारायचा, पुढे निघाली की काढायचा. (तुम्ही एकदा म्हणाला होता की यात मान कसला, हे तर काम झाले. तुम्ही गडहिंग्लजचे, तुम्हाला ते कळायचे नाही.) कानडी हेल काढून मराठी बोलणाऱ्या माणसाला या पेठेने आपले म्हटले, ते त्या ठोकळ्यामुळे. तो आता तालमीतल्या पिराजीच्या हातात गेला आहे. मी तालमीच्या कट्ट्यावर गेलो की पूर्वी लोक सरकून जागा करायचे, आता जरा पसरून बसतात. मला फार वाईट वाटते, दाजी. आणि याला कारण काय, तर जगाचे हवामान.

झाले असे की महापालिकेत मी इतकी वर्षे घरफाळा वसुलीच्या विभागात होतो. लोक मला बघून रस्ता बदलायचे, सगळे सुरळीत होते. गेल्या उन्हाळ्यात माझी बदली वातावरण बदल कक्षात झाली. पेठेत बातमी अशी पसरली की सोमूअण्णा आता पाऊस सांगणार. सकाळी दूध आणायला निघालो की चार दारांतून विचारणा व्हायची, आज पापड घालू का. मी सुरुवातीला खरे सांगायचो, की आमच्या खात्याचा पावसाशी तसा संबंध नाही, आम्ही पुढच्या पिढ्यांचे बघतो. त्यावर लोक म्हणायचे की पुढच्या पिढ्यांचे राहू दे, दुपारचे सांग. शेवटी कंटाळून एकदा "घाला" म्हणालो आणि अंबूबाईंचे सगळे पापड भिजले. (अंबूबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या. त्यांनी रागावणे आणि महापालिकेने रागावणे यांत पेठ पहिल्याला जास्त घाबरते.)

कक्षाच्या प्रमुख संयोगिता मॅडम. वयाने लहान, शिकलेल्या, आणि कधीच आवाज चढवत नाहीत, त्यामुळे सगळे त्यांना वचकून असतात. त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावले ते तुम्हालाही सांगतो, कारण मला ते पटले आहे. माणसासारखे शहरही श्वास सोडते. गाड्यांचा धूर, आपण जी वीज जाळतो तिच्यासाठी कुठेतरी जळणारा कोळसा, आणि ढिगात कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा वायू, या सगळ्याचे मिळून पृथ्वीला पांघरूण होते आणि ती आतल्या आत उकडते. तेव्हा आधी मोजायचे, मग कमी करायचे. रस्त्यावरचे दिवे बदलायचे, ओला कचरा वेगळा काढून त्याचा गॅस करायचा, पाण्याच्या पंपांना उन्हावरची वीज द्यायची, विजेच्या बस आणायच्या. या सोडलेल्या श्वासाला सरकारी भाषेत उत्सर्जन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा दाजी, माझा घात त्यानेच केला.

आपल्यापासून सुरुवात म्हणून कक्षाने बुधवार हा सायकलचा दिवस ठरवला. मी मुलाची जुनी सायकल काढली. उतारावर मी ती फार चांगली चालवतो असे सगळ्यांचे मत पडले. चढावर मात्र जीव घशाशी आला, तेव्हा मागून येणाऱ्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याने दया येऊन माझ्या सायकलला मागून पाय लावला आणि भर रस्त्यातून कार्यालयाच्या दारापर्यंत ढकलत आणून सोडले. रिक्षा जुनी होती, धूर भरपूर होता. मॅडम नेमक्या दारात उभ्या होत्या. त्यांनी रिक्षा जाईपर्यंत श्वास रोखून धरला. (घरी सौ.ने उन्हावरची चूलही आणली. श्रावणात कोल्हापुरात ऊन कुठून आणायचे याचा विचार कोणी केला नव्हता. सकाळी ठेवलेली तूरडाळ संध्याकाळी आंघोळ केल्यासारखी ताजी निघाली.)

अशातच मॅडमनी ठरवले की शहरातली एक पेठ घेऊन तिथे प्रयोग करायचा, म्हणजे तिचे बघून बाकीच्या शिकतील. नाव ठरले 'शून्य उत्सर्जन पेठ'. पेठ कुठली घ्यावी, अशी चर्चा निघाली आणि मी छाती पुढे काढून आमची सांगितली. लोकांना कळवण्यासाठी रिक्षावर कर्णा लावून पुकारा करायचे ठरले. हे काम आकारामचे. पाणी येणार नाही, पोलिओचा डोस आहे, सर्कस आली आहे, हे शहराला आजवर त्याच्याच आवाजात कळत आले आहे. मी मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून त्याच्या हातात दिला आणि घरी जेवायला गेलो. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि खिडकीतून आवाज आला, तो असा. आपली पेठ शून्य विसर्जन पेठ म्हणून जाहीर झाली आहे. नागरिकांनी घरगुती, व्यापारी आणि सार्वजनिक विसर्जन ताबडतोब कमी करण्यास सुरुवात करावी. मुदतीत विसर्जन पूर्ण बंद करणाऱ्यांचा जाहीर सत्कार करण्यात येईल.

सौ.ने माझ्याकडे बघितले. तिचा पहिला प्रश्न असा होता की गणपती वर्षभर घरातच राहणार असेल, तर रोजचे मोदक कोण करणार. मी तसाच खरकट्या हाताने धावत सुटलो आणि पुढच्या चौकात रिक्षा गाठली. आकाराम मुळीच गडबडला नाही. म्हणाला, "अण्णा, तुमी उत्सर्जन लिवलं हुतं. म्या म्हटलं गडबडीत हात घसरला आसंल. भादव्याच्या तोंडाला दुसरं कुठलं सर्जन आसतंय? म्हणून दुरुस्त करून वाचलं की." वर हे उपकार मी मानत नाही म्हणून तो थोडा नाराजही झाला. तोवर पुकारा सगळ्या पेठेत होऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयावर मोर्चा आला. पुढे हंबीरराव, म्हणजे आमच्या तालमीचे अध्यक्ष. पूर्वीचे पैलवान, मोडलेले कान आणि मान नसलेले खांदे, तुम्ही त्यांना आमच्या वास्तुशांतीला बघितले आहे. (जिलबीचे ताट संपवून दुसरे मागणारे ते.) घोषणा होतील असे आम्हाला वाटले होते, पण अंबूबाईंनी दारातच आरती सुरू केली. आता आरती चालू असताना मोर्चा अडवणार कोण? पहारेकरी टोपी काढून उभा राहिला, लेखा विभाग बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागला, मॅडमनी चपला बाजूला काढल्या. मीही हात जोडून म्हणत होतो, माझ्याच विरोधातली आरती. एक झाली, दुसरी झाली, शेवटी मंत्रपुष्पांजलीही झाली. मग खोबरे वाटले, आणि ते खाऊन झाल्यावर भांडणाला सुरुवात झाली. अंबूबाई मला म्हणाल्या, "आरं लेका सोमू, देवाला पावण्यासारखं बोलवायचं, आन् जायाच्या येळंला दाराला कडी घालायची, ही कुठली रं तुमच्याकडची रीत?"

मॅडमनी सगळ्यांना आत बसवून खुलासा केला. विसर्जन खुशाल करा, वाजतगाजत करा, आपण फक्त धूर कमी करायला सांगतो आहोत. सगळ्यांचे चेहरे उजळले. हंबीररावांनी मोठ्या मनाने विचारले, "मग धूर कमी करू की. पर आमच्यात धूर हाय कुठं?" इथे थांबायला हवे होते. पण मॅडमना खरे बोलायची सवय. त्या म्हणाल्या की तुमच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर असतो, त्याच्यामागे आवाजाच्या भिंतीसाठी डिझेलचा जनरेटर असतो, आणि तो ट्रॉलीसकट विसर्जनाच्या इराणी खणीपर्यंत पोहोचेपर्यंत चालूच असतो. हंबीररावांनी हळूहळू मान, म्हणजे अख्खे खांदेच, माझ्याकडे वळवले. जनरेटरची ही माहिती मॅडमना देणारा पेठेत एकच माणूस असू शकत होता. पेठेच्या मोजदादीत मी ती प्रामाणिकपणे दिली होती, दाजी, आणि तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. हंबीरराव एवढेच म्हणाले, "घरातलं भाईर सांगितलंस व्हय." संध्याकाळी ठोकळा पिराजीकडे गेला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गल्लीत लेझीमचा सराव चालायचा आणि मी घरात बसून ऐकायचो. सौ. म्हणाली, जाऊन माफी मागा. कशाची मागू, हे मला कळत नव्हते, तरी गेलो. तालमीत सगळे बसलेले होते. मी म्हणालो, धुराचे खरे आहे, पण मला आपल्यातून काढू नका. हंबीरराव टोमणा मारायचा म्हणून म्हणाले, "ट्रॅक्टर लावायचा न्हाय, मग काय आता गणपतीला बैलं जुपायची?" मी कशाचाही विचार न करता म्हणून गेलो, "जुपा की." एवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "पलीकडच्या पेठेनं आजून बैलं लावल्याली न्हाईत."

तिथे निकाल लागला, दाजी. मॅडमनी वितळणाऱ्या बर्फाची चित्रे दाखवली होती, तक्ते दाखवले होते, समुद्र किती वर येणार तेही सांगितले होते. (समुद्र आमच्यापासून घाटापलीकडे, त्यामुळे लोकांनी तो कोकणचा प्रश्न मानला.) त्याने जे झाले नाही ते पलीकडच्या पेठेच्या एका उल्लेखाने झाले. इर्षा म्हणजे काय चीज आहे हे कोल्हापुरात राहिल्याशिवाय समजत नाही. लगेच ठरले की ट्रॅक्टर बंद, जनरेटर बंद, भिंत बंद. पुढे बैलजोडी, मागे हलगी, घुमके आणि लेझीम, आणि आरासीच्या दिव्यांना तालमीच्या छतावर उन्हाच्या पट्ट्या बसवून भरलेली बॅटरी. ही बातमी पलीकडे पोहोचताच त्यांनी जाहीर केले की आमची ट्रॉली आमचे पैलवान दोराने ओढणार, आम्हाला जनावराची गरज नाही. त्याच्या पलीकडच्या पेठेने हत्तीची चौकशी केली, तेव्हा वनखात्याला मध्ये पडावे लागले. मॅडम खूश होऊन विचारत होत्या की हे एकाएकी कशामुळे घडले, अहवालात कारण लिहायचे आहे. अहवालात इर्षेला रकाना नव्हता, म्हणून मी 'लोकसहभाग' असे सुचवले.

मध्ये एक विघ्न येऊन गेले. बैलाने रवंथ केला की त्याच्या ढेकरेतूनही असाच एक वायू निघतो, असे मॅडमना आठवले आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. मी समोर बसून मनातल्या मनात बसवेश्वराचा धावा केला. पुष्कळ वेळ हिशेब करून त्या म्हणाल्या की जनरेटरपुढे दोन बैलांच्या ढेकरा म्हणजे काहीच नाही, चालतील. अशा रीतीने बैलांना सरकारी मंजुरी मिळाली. माझ्या जागेचे घोंगडे मात्र भिजत पडले आहे. मी हंबीररावांना विचारले, तर म्हणाले, "ठोकळा पिराजीकडंच ऱ्हाईल. तुजं बघू." हे 'बघू' घरफाळा विभागात मी लोकांना इतकी वर्षे म्हणत आलो, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे.

असो. बैल कुठून आणायचे एवढे किरकोळ काम मी अंगावर घेतले आहे, ते होऊन जाईल. तुमच्याकडे काही मागायला हे पत्र लिहिले नाही, केवळ मन मोकळे करावे म्हणून लिहिले. गुडघ्याला जपा, गोठ्यातल्या निसरड्या फरशीवरून जपून चाला, आणि अक्काला माझा नमस्कार सांगा. ती रागावली असेल तर दोनदा सांगा.

तुमच्या लोभातला,
सोमशेखर

ता. क. - बैलांचे किरकोळ काम म्हणजे तुमचे बसू आणि चन्नू. सभेत विचारणा झाली की गर्दीला न बुजणारी, हलगीला सरावलेली जोडी जिल्ह्यात कुणाकडे आहे. कर्नाटकी बेंदराला तुम्ही बैल सजवून मिरवले तेव्हा कानाशी हलगी वाजत असताना बसू डोळे मिटून चघळत होता, ते माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि तोंडातून तुमचे नाव गेले. बैलांच्या अंगाला तुम्ही परक्याचा हात लागू देत नाही हेही मी स्पष्ट सांगितले. त्यावर सर्वांनुमते ठरले की तर मग मालकांनीच येऊन कासरा धरावा. तुम्ही रागावण्याआधी एवढेच सांगतो की चौकात तुमच्या फोटोचा मोठा फलक लागला आहे आणि त्यात तुम्ही पटक्यामुळे फार भारदस्त दिसता. फोटो अक्काने पाठवला. तुमचे धोतर तिने इस्त्रीला दिले आहे, हे तुम्हाला माहीत असेल असे मला वाटले होते.

आणखी ता. क. - बैलांना आणायला टेम्पो येईल. तो डिझेलवर चालतो. पण शहराचा धूर मोजतात तो शहराच्या हद्दीतला, तेव्हा टेम्पो उचगावच्या पुलाजवळ, हद्दीच्या अलीकडेच थांबेल, आणि तिथून पुढे तुम्ही तिघांनी चालत यायचे आहे. महापालिकेचा माणूस म्हणून मी जन्मभर हद्दवाढीच्या बाजूने बोललो. यंदा अनंत चतुर्दशी होईपर्यंत ती होऊ नये असे वाटते, नाहीतर तुमच्या गुडघ्याला त्रास होईल.

हे शेवटचे - पत्र पाकिटात घालून झाले होते, पण आत्ताच तालमीतून आलो, म्हणून पुन्हा काढले. आज मॅडम तिथे आल्या होत्या. त्यांनी सहज विचारले की बैल रस्ता घाण करतील त्याचे काय. सगळे विचारात पडले. हंबीरराव उठले आणि म्हणाले, "शाळंत शिकल्यालं इसरलासा व्हय? जनावरानं मागनं टाकल्यालं, त्येलाबी उत्सर्जनच म्हंत्यात. आन् ते खातं कुणाकडं हाय? सोमूअण्णाकडं. मग घमेलं आन् खराटा घिऊन बैलांच्या मागनं त्येनंच चालायचं." तालीम खदाखदा हसली. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या की शेण गॅसच्या प्रकल्पाला देता येईल. मग हंबीररावांनी कट्ट्यावर सरकून मला जागा केली. दाजी, मी जाऊन बसलो. नवे घमेले आणून ठेवले आहे. तुम्ही पुढे कासरा धरून, मागे मी, आणि माझ्यामागे गणपती, म्हणजे जागा पूर्वीपेक्षा पुढचीच मिळाली म्हणायची. तेव्हा बैल द्या किंवा नका देऊ असे आता मी म्हणू शकत नाही, ते द्यावेच लागतील. फक्त हात जोडून एक विनंती आहे. आदल्या दिवशी त्यांना हिरवा चारा घालू नका.